द्राक्षांचा चोथा: वाळवायचा कसा, खायचा किती

रस गाळल्यावर गाळणीत उरतात सालं, बिया आणि थोडा गर. तंतुमय भाग आणि पॉलिफेनॉल (वनस्पतींतली रंग आणि तुरटपणा देणारी द्रव्यं) बहुतेक याच चोथ्यात राहतात, रसात उतरते ती मुख्यतः साखर. एक किलो बियांच्या द्राक्षांतून ओला चोथा साधारण २०० ते २५० ग्रॅम निघतो, वाळून त्याचे ७०-८० ग्रॅम होतात. काळी किंवा लाल द्राक्षं असतील तर उत्तम, कारण सालीतला अँथोसायनिन हा रंग हिरव्यांत नसतो. बिनबियांची द्राक्षं मात्र या कामाला कमी पडतात. पॉलिफेनॉलचा सर्वांत मोठा वाटा बियांतच असतो.

द्राक्षं रस काढण्याआधीच नीट धुऊन घ्या, चोथा झाल्यावर नाही. एक लिटर पाण्यात दोन छोटे चमचे खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली चोळा. वरवरची फवारणी बरीच निघते, सालीत मुरलेली निघत नाही. देठ काढून टाका, त्यांनी नुसता तुरटपणा वाढतो.

बहुतेकांचं काम बिघडतं ते वाळवताना. ताज्या चोथ्यात साखर आणि ओल दोन्ही असल्यामुळे तो काही तासांत आंबू लागतो आणि नंतर बुरशी धरतो. म्हणून रस काढला की त्याच दिवशी वाळवायला घ्या. त्याआधी चोथ्याइतकंच पाणी घालून एकदा ढवळा आणि फडक्यातून घट्ट पिळा. साखर कमी झाली की चोथा चिकटत नाही. अर्धा सेंटीमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. ओव्हन ५० ते ६० अंशांवर ठेवा, वाफ निघायला दार किंचित उघडं असू द्या आणि दर दोन तासांनी परता. आठ ते बारा तास लागतात. घाईनं आच वाढवली तर सालं करपतात आणि रंग तपकिरी होतो.

वाळलंय की नाही ते गरम असताना कळत नाही, गार झाल्यावर बघा. साल वाकली तर अजून ओल आहे, चुरली तर झालं. बी दाताखाली कट्कन फुटायला हवी. पांढरा किंवा हिरवट तंतू दिसला तर सगळा घाणा फेकून द्या. तेवढा भाग काढून चालत नाही, कारण बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही.

बिया अख्ख्या खाल्ल्या तर तशाच बाहेर पडतात, म्हणून दळणं आलंच. मिक्सर दहा-दहा सेकंद थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर बियांतलं तेल सुटून पिठाचा लगदा होतो. चाळा आणि हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. दोन महिन्यांपुरतीच पूड करा. खवट वास आला की तिचं काम संपलं.

सुरुवात रोज अर्ध्या छोट्या चमच्यानं करा, आठवड्याभरात एकावर आणि सोसलं तर दोनावर या. यातले तंतू बहुतांशी न विरघळणारे असतात. पाणी कमी प्यायलात तर बद्धकोष्ठ सुटण्याऐवजी वाढतं, आणि एकदम जास्त घेतलं तर पोट फुगतं. दह्यात घातलेली पूड तोंडाला कमी आवळते, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या पॉलिफेनॉलला, धरून ठेवतात. पिठात शेकडा पाच घाला, दहाच्या वर गेलात की पाव कडवट आणि दडस होतो. पिठात सोडा असेल तर जांभळा रंग निळसर-हिरवट पडतो. बिघडलं म्हणून घाबरू नका, अँथोसायनिन अल्कलीत असाच बदलतो.

आता फायद्याचं. बियांतले मोठे टॅनिन लहान आतड्यात शोषले जात नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जीवाणू त्यांचे छोटे तुकडे करतात, जे रक्तात जाऊ शकतात. काही तंतूंपासून हेच जीवाणू ब्यूटिरेटसारखी आम्लं बनवतात, ती आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं इंधन असतात. रक्तदाबाचे प्रयोग मात्र प्रामुख्यानं बियांच्या अर्कावर झाले आहेत. त्यांत वरचा आकडा थोडासा उतरलेला दिसतो, कोलेस्टेरॉलबाबत निकाल एकसारखे नाहीत. अर्काचा डोस आणि चमचाभर पूड यांची बरोबरी करता येत नाही, त्यामुळे रक्तदाबाची गोळी हिच्या भरवशावर सोडू नका. दोन चमच्यांतून तीनेक ग्रॅम तंतू मिळतात, तेवढं खात्रीचं. बियांचं तेल वेगळी चीज आहे: त्यात तंतू शून्य आणि टॅनिन जवळपास नाहीत, कारण ते तेलात विरघळत नाहीत.

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा आतड्याचा मार्ग अरुंद असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. लोहाची गोळी आणि ही पूड यांत दोन तासांचं अंतर ठेवा, चहाप्रमाणेच टॅनिन लोह अडवतं. आणि घरात कुत्रा असेल तर वाळवणाचा ट्रे त्याच्या तोंडापासून लांब ठेवा. द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि चोथाही त्याला अपवाद नाही.