बाटलीची पाणबुडी: बुडवायची आपण, वर आणायची पण आपणच

पहिल्याच खेपेला रिमोट आणि मोटरच्या भानगडीत पडू नका. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली, मीटरभर लवचिक नळी (फिश टँकच्या एअर पंपाला असते ती), साधारण १५० ग्रॅम लोखंडी नट-वॉशर, टेप, हॉट ग्लू. बास.

बाटली आडवी धरा. जी बाजू खाली राहणार तिथे एका रेषेत तीन-चार भोकं पाडा, गरम खिळ्याने पटकन पडतात पण ते काम मोठ्यांनी करायचं. त्याच बाजूला भोकं सोडून नट टेपने घट्ट बसवा, अर्धे पुढे अर्धे मागे. वजन वर लावलं तर बाटली पाण्यात पलटी मारते, भोकं वर येतात, सगळी हवा निसटते आणि खेळ खल्लास.

आता झाकण, खरी गोम इथेच आहे. झाकणाला भोक पाडून नळी आत घाला, कडेने ग्लू भरपूर लावा, कंजुषी नको. नळी नुसती जराशी आत सरकवली तर बाटली अर्धी भरते आणि बुडायचं नाव घेत नाही, कारण पाणी नळीच्या तोंडापर्यंत चढलं की त्याच्या वरची हवा अडकते, तिला जायला वाटच नाही. म्हणून नळीसोबत बारीक तार बांधून आतलं टोक वर वाकवा, पार छतापर्यंत, आणि ते तिरकं कापा म्हणजे चिकटून बंद होणार नाही.

टबात सोडताना नळीच्या बाहेरच्या टोकावर अंगठा दाबून ठेवा. खाली भोकं उघडी असूनही पाणी जेमतेमच आत जातं! अंगठा काढा, नळीतून हवा फुस्स करून बाहेर येते आणि बाटली खाली जाते. फुंकर मारा, पाणी भोकांतून बाहेर, बाटली वर.

हिशोब आर्किमिडीजचाच: जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर वर लागतो. १५० ग्रॅम लोखंड स्वतः जेमतेम १९ मिली, म्हणजे १९ ग्रॅम पाणी सारतं, म्हणजे उरलेलं साधारण १३० ग्रॅम हवेनेच उचलायचं, आणि आतली हवा १३० मिलीच्या आसपास खाली आली की बुडणार. खऱ्या पाणबुडीतही बॅलास्ट टँकच्या (बुडण्या-तरंगण्यासाठी पाणी किंवा हवा भरायच्या टाकीच्या) वरच्या झडपा उघडून हवा सोडतात, पाणी खालून शिरतं, आणि वर येताना कॉम्प्रेस्ड हवेने ते ढकलून देतात.

मधोमध तरंगत ठेवायला गेलात तर वैताग येईल, कारण जरा खाली गेली की दाबाने आतली हवा आकसते, उचल कमी होते, मग अजून खाली. तरी हौस असेल तर अंगठा अगदी थोडा थोडा सैल करा आणि बुडायच्या क्षणी आतलं पाणी कुठवर आलंय तिथे मार्करने खूण करा, नंतर दोन नट काढून परत बघा खूण किती सरकते ते.