मोरपंखी, अबोली, आमसुली इंग्रजीत लिहिताना

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबागच्या मागांवरची साडी फोटो पाहून मागवणाऱ्याला मराठी येतंच असं नाही. आपल्यात 'मोरपंखी' म्हटलं की भागतं. वर्णनात नुसतं 'पीकॉक' लिहिलं तर कुणी निळा धरतो, कुणी हिरवा, आणि साडी परत येते.

आधी कापड नीट बघा. ट्यूबलाइटखाली नको, भर उन्हातही नको. दिवसा दाराशी सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून. पातळ कापडाची चौपदरी घडी घाला, नाहीतर खालचा पांढरा दिसून रंग फिका वाटतो.

मग मूळ रंग ठरवा. इंग्रजीत मूळ रंग अकरा धरतात: ब्लॅक, व्हाइट, ग्रे, रेड, ग्रीन, यलो, ब्लू, ब्राउन, पर्पल, पिंक, ऑरेंज. यातला एक शब्द शेवटी येतो, त्याच्या आधी झाक 'इश' लावून, आणि सगळ्यात आधी फिका की गडद ते. ब्लुइश ग्रीन हा निळसर हिरवा, ग्रीनिश ब्लू हा हिरवट निळा. क्रम मराठीसारखाच आहे, उलटला की रंगच बदलतो. स्पेलिंगही सांभाळा: रेडिशमध्ये डी दोनदा, ब्लुइशमध्ये ब्लूचा शेवटचा ई गळतो.

या हिशेबाने मोरपंखी म्हणजे डार्क ग्रीनिश ब्लू, एका शब्दात टील. अबोली लाइट पिंकिश ऑरेंज, आमसुली डार्क पर्पलिश रेड, राणी व्हिव्हिड पर्पलिश पिंक. 'राणी पिंक' भारतात चालतं, बाहेर कळत नाही. वांग्याच्या रंगाचंही तेच: 'ब्रिंजल' आपल्याकडचा शब्द, अमेरिकेसाठी एगप्लँट लिहा, इंग्लंडसाठी ऑबर्जिन.

दुकानातले दोन शब्द हमखास फसवतात. आपण 'फेंट गुलाबी' म्हणतो, इंग्रजीत तिथे पेल पिंक लिहावं. आणि गिऱ्हाईक ज्याला 'इंग्लिश कलर' म्हणतं तो सौम्य, न भडकणारा रंग. त्याला म्यूटेड म्हणा, फिकाही असेल तर पेस्टल. 'लाइट' एकटा सोडू नका. लाइट सिल्क सारी म्हणजे वजनाला हलकी असाही अर्थ निघतो, म्हणून लाइट ब्लू सिल्क सारी असं रंगाला जोडून लिहा.

ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, अशा धूपछाव साडीला मल्टिकलर म्हणू नये. तिथे 'शॉट' हा खास शब्द आहे: ग्रीन शॉट विथ पर्पल. जो रंग जास्त दिसतो तो आधी. फोटो मात्र दोन बाजूंनी काढा, एकाच कोनातून दुसरा रंग नीट दिसत नाही.