परदेशातून परतणाऱ्या आईबाबांसाठी बेळगावात घर बघताना

मुलं तिकडून फोटो बघून फ्लॅट ठरवतात आणि आईबाबा पहिल्याच पावसाळ्यात घरात अडकतात.

१. आधी जुलैत महिनाभर त्याच गल्लीत भाड्यानं राहू द्या. टिळकवाडी असो की खानापूर, भिंतीची ओल, रस्त्यावरचं पाणी, नळ किती दिवसांनी येतो, सगळं कळतं.
२. भाजी, औषधं, दवाखाना आईच्या चालीनं चालून बघा, गाडीनं नको. डॉक्टर मराठी बोलणारा मिळाला तर अर्धं दुखणं तिथंच पळतं!
३. कागद कानडीत असतात. ई-खाता (पालिकेच्या किंवा पंचायतीच्या दफ्तरी मालमत्तेची ऑनलाइन नोंद) आणि ३० वर्षांची ईसी (मालमत्तेवरचे जुने व्यवहार, बोजा दाखवणारा दाखला) आपल्या वकिलाकडून वाचून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे.

आईबाबांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल तर घर, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस विकत घेता येत नाही. म्हणून एन.ए. (बिगरशेती) न झालेल्या स्वस्त गुंठ्यांच्या नादी लागू नका.