अध्ययन अक्षमता असलेल्या तरुणासाठी घराजवळचे काम शोधताना

शिक्षण संपत आले की बहुतेक पालक नोकरीच्या जाहिराती चाळू लागतात आणि त्यांतील एखाद्या पदात आपला मुलगा किंवा मुलगी कशी बसेल याचा विचार करतात. बौद्धिक किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या तरुणांच्या बाबतीत हा क्रम उलटा असायला हवा. आधी त्या तरुणाला नीट समजून घ्यावे आणि मगच कामाकडे वळावे.

यासाठी काही आठवडे एक वही ठेवावी. "त्याला वस्तू आवरायला आवडतात" एवढ्या नोंदीचा फारसा उपयोग होत नाही. "रंगानुसार वस्तू पाऊण तास न थांबता लावतो, पण मध्येच कोणी बोलले की क्रम विसरतो" अशी नोंद मात्र काम निवडताना थेट उपयोगी पडते. सूचना ऐकून कळते, चित्र पाहून कळते की करून दाखवल्यावर कळते, गर्दी आणि आवाज किती सोसतो, चूक झाल्यावर मदत मागतो की गप्प बसतो, दिवसाच्या कोणत्या वेळी उत्साह असतो, हे सारे लिहावे. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच घाईत उरकली जाते. घरात दिसणारे वागणे बाहेर वेगळे असू शकते, म्हणून शिक्षक, शेजारी आणि नातेवाईक यांनाही विचारावे.

स्वतः त्या तरुणाचे मत घेतल्याशिवाय काहीही ठरवू नये. ज्याला शब्दांत सांगणे जड जाते त्याला छायाचित्रे दाखवावीत, किंवा प्रत्यक्ष दोन-तीन ठिकाणी नेऊन त्याची प्रतिक्रिया पाहावी. प्राणी आवडतात म्हणून पिंजरे धुणेही आवडेल असे गृहीत धरता येत नाही.

शोध घराजवळून सुरू करावा, कारण काम जमत असूनही केवळ प्रवास न झेपल्याने ते सुटू शकते. पायी किंवा एकाच बसने कोठे जाता येते ते पाहून तेथे ओळखीचे कोण आहे याची यादी करावी. तेथे "जागा रिकामी आहे का?" असे विचारण्यापेक्षा "तुमची कोणती कामे नेहमी मागे पडतात?" असे विचारावे. ग्रंथालयात परत आलेली पुस्तके फळीवर लावणे, कार्यालयात जुने कागद स्कॅन करणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, गोदामात लेबल चिकटवणे अशी कामे अनेकदा इतर कर्मचाऱ्यांच्या वेळातून कशीबशी उरकली जातात, आणि ती एकत्र करून एक नवे पद तयार करता येते. मालकाला दया दाखवण्याची विनंती करू नये. त्याची कोणती अडचण सुटेल ते सांगावे. अक्षमतेविषयी किती सांगायचे हे तरुणाच्या संमतीनेच ठरवावे आणि निदानाच्या नावापेक्षा "एका वेळी एकच सूचना द्यावी लागते" अशा सोप्या शब्दांत सांगावे.

मुलाखतीत बोलण्याची परीक्षा होते, म्हणून तिच्याऐवजी कामाची चाचणी मागावी. अमेरिकेत सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात 1996 मध्ये सुरू झालेला 'प्रोजेक्ट सर्च' हा उपक्रम याच विचारावर उभा आहे. त्यात तरुण प्रत्यक्ष कामाच्या जागी राहून, वेगवेगळ्या विभागांत काम करत शिकतात. मात्र चाचणीची मुदत आधीच ठरवून घ्यावी, नाहीतर ती विनावेतन श्रमात बदलते.

काम मिळाल्यावर ते त्याच जागी, त्याच साधनांवर शिकवावे, कारण एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे आपोआप वापरता येईलच असे नाही. कामाचे लहान टप्पे पाडून एकेक टप्पा पक्का करावा. मार्क गोल्ड या अमेरिकी संशोधकाने 1970 च्या दशकात, ज्यांच्याकडून कोणालाच फारशी अपेक्षा नव्हती अशा व्यक्तींना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग क्रमाने जोडायला शिकवले होते. शिकणारा अडला तर शिकवण्याची पद्धत बदलावी, असा त्यांचा आग्रह होता. सोबत येणाऱ्या मदतनीसाने हळूहळू मागे सरावे आणि अडचण आल्यास कोणाकडे जायचे तो एक सहकारी निश्चित करून द्यावा.

वेतन, तास आणि सुट्ट्या लेखी घ्याव्यात. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचे कलम 27 समान मूल्याच्या कामाला समान मोबदला आणि कामाच्या जागी वाजवी सोयी मिळण्याचा हक्क मान्य करते. कमाईमुळे मिळत असलेल्या सरकारी साहाय्यावर परिणाम होतो का, हे रुजू होण्यापूर्वीच संबंधित कार्यालयात विचारून घ्यावे.

पहिले काही महिने नियमित चौकशी करावी. छळ किंवा फसवणूक होत असली तरी हे तरुण तक्रार करतीलच असे नाही. झोप बिघडणे, कामावर जायला अचानक नकार देणे, पैसे कमी येणे या खुणांकडे लक्ष द्यावे. ते काम सोडावे लागले तर नेमके काय जमले आणि काय बिनसले याची नोंद त्याच वहीत करावी आणि पुढचा शोध त्या नोंदींवरून सुरू करावा.