विद्यापीठातले कार्यक्रम गाठायचे कसे

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एका विभागाचं कार्यालय मी सांभाळते. व्याख्यान कुणाचं ठेवायचं ते सर-मॅडम बघतात. हॉल मिळवणं, नोटीस काढणं, पाहुण्यांना गाडी पाठवणं आणि चहा किती जणांचा सांगायचा, हे माझ्याकडे. चहा उरतो, खुर्च्या रिकाम्या राहतात आणि आठवड्यानं कुणीतरी दारात उभं राहून म्हणतं, "मॅडम, आम्हाला कळलंच नाही हो." तर कळावं कसं, ते सांगते. नव्यानं प्रवेश घेतलेल्यांसाठी आणि औंध-खडकीकडून हौसेनं येणाऱ्यांसाठीही.

सगळे कार्यक्रम एकाच ठिकाणी सापडतील ही आशा आधी सोडा. संकेतस्थळावर मोठे समारंभ येतात. विभागातलं व्याख्यान पुष्कळदा दोन-तीन दिवस आधी ठरतं. पाहुणे दुसऱ्याच कामासाठी पुण्यात आलेले असतात आणि सर त्यांना तासभर पकडून आणतात. अशी नोटीस विभागाच्या फलकावर लागते आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते, बस. म्हणून आपला विभाग सोडून आवडीच्या आणखी दोन विभागांत एकेक ओळख ठेवा. जयकर ग्रंथालयात (आता त्याला ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात, आमच्या तोंडी जयकरच) जाता-येता फलक बघायची सवय लावा. अनिकेत कॅन्टीनच्या चहावरही बऱ्याच बातम्या कळतात.

काही तारखा मात्र नोटिशीची वाट न बघता वहीत लिहून ठेवता येतात. ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती. १० फेब्रुवारी विद्यापीठाचा वर्धापनदिन, कारण स्थापना १९४९ सालची. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन. १४ एप्रिल बाबासाहेबांची जयंती. परीक्षांच्या दिवसांत कॅम्पस थंड असतो. खरी गर्दी फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याचं एक कारण अगदी हिशेबी आहे: मिळालेलं अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचं असतं. त्या दिवसांत एकाच वेळी तीन चर्चासत्रं चालू असतात आणि श्रोते तेच तेच.

आता नोटीस वाचायची कशी. समजा लिहिलंय: '९.३० नोंदणी व अल्पोपाहार, १०.३० उद्घाटन, ११.१५ बीजभाषण.' उद्घाटनात दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षीय मनोगत एवढं सगळं आहे, तेव्हा ११.१५ चे पावणेबारा धरून चाला. ऐकायचं ते बीजभाषण, म्हणजे चर्चासत्राचं मुख्य भाषण. उद्घाटन लांबलं की फटका बसतो दुपारच्या सत्राला. रात्रभर जागून पेपर तयार केलेल्या मुलीला अध्यक्ष आठव्या मिनिटाला चिठ्ठी सरकवतात. जेवणानंतर हॉल अर्धा होतो. माझं मत विचाराल तर तेव्हाच आत जाऊन बसा, नवं काही असलं तर तिथेच ऐकायला मिळतं.

'नोंदणी शुल्क' दिसलं म्हणून मागे फिरू नका. ते फाइल, जेवण आणि प्रमाणपत्राचं असतं. नुसतं भाषण ऐकायचं असेल तर समन्वयकांना आधी विचारा, मागच्या रांगेत बहुधा बसू देतात. (जेवणाच्या रांगेत मात्र उभं राहू नका, ताटं मोजून सांगितलेली असतात.)

'स्थळ' नीट वाचा. संत ज्ञानेश्वर सभागृह मुख्य इमारतीत आहे, संत नामदेव सभागृह वेगळं. कॅम्पस चारशे एकरांच्या वर आहे, उन्हात एका संताकडून दुसऱ्याकडे चालत जाईपर्यंत परिचय आटोपलेला असतो. प्रवेशद्वारावर कुणी विचारलं तर 'कार्यक्रमाला' एवढंच म्हणू नका, विभागाचं नाव सांगा. नोटिशीचा फोटो मोबाइलमध्ये असला तर उत्तमच.

नाटक, गाणं, नाच हवं असेल तर ललित कला केंद्राच्या फलकावर डोळा ठेवा. विद्यार्थ्यांचे प्रयोग सत्राच्या शेवटाकडे असतात आणि जागा लवकर भरते, म्हणून अर्धा तास आधी जा. आयुकाचं, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचं, तंत्र वेगळं. १९८८ मध्ये नारळीकर सरांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही संस्था कॅम्पसवरच आहे, पण एरवी सहज आत शिरता येत नाही. विज्ञान दिनाला दारं उघडतात. शाळांची झुंबड असते. संध्याकाळी दुर्बिणीतून आकाश बघायचं ठरलं असेल तर ढगांचा अंदाज घेऊन निघा. शाळकरी मुलांसाठी तिथे दुसऱ्या शनिवारची व्याख्यानंही असतात, त्याची चौकशी शाळेमार्फत करा.

सगळ्यात दुर्लक्षित कार्यक्रम म्हणजे पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा. विभागातले शिक्षक, इतर संशोधक विद्यार्थी आणि त्या विषयाचे अभ्यासक, सगळ्यांना बसता येतं. चार-पाच वर्षांचं काम तासाभरात ऐकायला मिळतं, वर परीक्षक कुठे बोट ठेवतात तेही कळतं. पुढे स्वतः संशोधन करायचं असेल त्यानं तर सोडूच नये. पेढे मिळतात ते वेगळंच.

प्रेक्षकात बसायचं नसेल, भाग घ्यायचा असेल, तर वर्ष सुरू होतानाच विद्यार्थी विकास मंडळाकडे चौकशी करा. 'इंद्रधनुष्य' युवक महोत्सव आणि 'आविष्कार' संशोधन स्पर्धा राज्य पातळीवर होतात, पण निवड खालून सुरू होते आणि खालची फेरी चुकली की विषय संपला. राष्ट्रीय सेवा योजनेचंही तसंच. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, त्यामुळे डिसेंबरात जागं होऊन चालत नाही.

शेवटचं, हजेरीपत्रकाचं. दारातल्या टेबलावर नुसती सही मारून आत पळू नका. नाव प्रमाणपत्रावर हवं तसं, सुटं-सुटं आणि अक्षर लागेल असं लिहा. पुढे ते मी टाइप करते, आणि 'कुलकर्णी'चं 'कुलकरणी' झालं की नवं छापून पुन्हा सरांची सही घ्यायला आठवडा जातो.