गावातील व्यसनप्रतिबंधात तरुणांना सामील करताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातील कित्येक गावांत व्यसनमुक्तीचे काम २६ जूनच्या जागतिक अमली पदार्थविरोधी दिनी प्रभातफेरीने सुरू होते आणि शपथेबरोबर संपते. त्या दिवसांत शाळा सोडलेली मुले पेरणीच्या कामात असतात, त्यामुळे नेमकी तीच फेरीत दिसत नाहीत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणी आणि फेब्रुवारीनंतरची काढणी सोडून बैठकीसाठी संध्याकाळची वेळ ठरवावी. मात्र अंधार पडल्यावर पारावर मुली येत नाहीत, म्हणून त्यांची बैठक शाळा सुटल्याबरोबर शाळेतच घ्यावी.

भीती दाखवण्याचा मोहही आवरावा. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ मध्ये सुधारलेल्या प्रतिबंधविषयक मानकांत एकतर्फी व्याख्यान, धास्ती घालणारी माहिती आणि व्यसन सोडलेल्यांची कथने निष्फळ पद्धतींत मोडतात. आपल्याकडील कार्यक्रम बहुधा या तिन्हींचाच बनलेला असतो. त्याऐवजी हळदीच्या रात्री मित्राने पुडी पुढे केली तर मैत्री न तोडता काय बोलायचे, हे मुलांकडून प्रत्यक्ष बोलून घ्यावे.

सर्वांत घातक चूक म्हणजे मुलांना खबरी करणे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आला, मालेगावात नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘कुत्ता गोळी’च्या बातम्याही अधूनमधून येतात, आणि मग ‘कोण विकतो ते पोरांना विचारा’ असे वडीलधारे सहज म्हणून जातात. विकणारा अनेकदा भावकीतला किंवा उधारी देणारा टपरीवाला असतो. सांगणाऱ्याचे नाव दिवस मावळायच्या आत त्याच्या कानी जाते आणि तो मुलगा पुन्हा बैठकीला फिरकत नाही. मुलांना माणसे दाखवायला लावण्याऐवजी अंतर मोजण्याचे काम द्यावे. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस बंदी आहे. तरुणांनी दिवसाढवळ्या टेप लावून शाळेभोवतीचा नकाशा काढावा, त्यात कोणाची चुगली नसते. तक्रार मात्र सरपंचांच्या सहीनेच जावी. बालकाला मादक किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही अर्जात लिहावे.

गटातलाच एखादा तंबाखू मळताना सापडला की त्याला काढून टाकतात, आणि तो टपरीवर जाऊन बसतो. त्याला गटात ठेवावे, आणि १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर तो फोन लावेल तेव्हा गटातील एकाने त्याच्याजवळ बसावे.