वंशावळ काढायचीय? आधी आत्याला फोन लावा

दर गणपतीत आमच्या घरी कुणीतरी विचारतंच की अरे आपले पणजोबा मूळचे कुठले, आणि मग तीन काका तीन उत्तरं देतात आणि विषय आरतीपाशी येऊन थांबतो. मी चार वर्षांपूर्वी हे जरा सिरियसली घेतलं, आणि आता घराण्यातली बरीचशी नावं एका ठिकाणी आहेत. बरेच जण विचारतात की कुठल्या वेबसाइटवर शोधलंस, म्हणून हे लिहितोय. खरं सांगू का, वेबसाइट सगळ्यात शेवटी येते.

पहिली गोष्ट म्हणजे आत्या. किंवा आजीची बहीण, किंवा चुलत आजी, जी कुणी ऐंशीच्या पुढची बाई घराण्यात आहे ती. काकांना वंशावळ विचारली की ते बापाचा बाप त्याचा बाप असं सरळ वर जातात आणि चौथ्या पिढीला अडकतात. आत्याला विचारलं की ती आडवी जाते, म्हणजे अमकीला कुठे दिलं होतं, तिच्या जावेचं माहेर कुठलं, कोणाची पहिली बायको बाळंतपणात गेली आणि दुसरी कुठून केली. हे कुठल्याच कागदावर मिळत नाही. लग्नात नाव बदलायची पद्धत असल्यामुळे एकाच बाईची दोन नावं असतात, ती दोन्ही लिहून घ्या. फोन रेकॉर्डिंगला लावा (विचारून), आणि "वंशावळ सांगा" असं म्हणू नका, कोणी सांगत नाही. जुना फोटो किंवा लग्नपत्रिका हातात द्या आणि हा कोण ती कोण एवढंच विचारा, पुढचे दोन तास त्या बोलतात.

मग घर उपसा. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली काढा, कारण पूर्वी लग्नात भांडं दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरून द्यायचे. आमच्या एका घंगाळावर आजीच्या मामाचं पूर्ण नाव आणि साल मिळालं, ज्याच्याबद्दल घरात फक्त "मामा" एवढीच माहिती होती! जन्मपत्रिका असेल तर तिच्यात बाप, कधी आजोबा, गाव आणि शके असतं. तुमच्यात श्राद्ध करत असतील तर गुरुजींना किंवा जो करतो त्याला गाठा, कारण महालयाला बाप, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या बायकांची नावं घेतात, शिवाय आईच्या वडिलांच्या बाजूच्याही तीन पिढ्या येतात. ही यादी बऱ्याच घरात एखाद्या वहीच्या मागच्या पानावर पडलेली असते. आणि एखाद्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल तर ती नवऱ्याच्या आधी गेली हे आपोआप कळतं, तारीख नसली तरी क्रम लागतो.

आता सरकारी कागद. जमीन असेल तर तुम्ही नशीबवान. सातबारा सगळ्यांना माहीत असतो पण वंशावळीसाठी खरा माल फेरफारात (जमिनीची मालकी बदलल्याच्या नोंदीत) आहे, त्यातही वारस फेरफार. खातेदार मेला की त्याच्या मरणाची तारीख आणि वारसांची नावं त्यात येतात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारात मुली सहसा दिसत नाहीत, नुसते मुलगे आणि कधीतरी विधवा. त्यानंतरच्या फेरफारात मात्र लग्न झालेल्या मुली सासरच्या आडनावासकट येतात, आणि मग थोड्याच दिवसात त्याच बहिणींचं हक्कसोडपत्र, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद येतो. वाचताना वाईट वाटतं, पण वंशावळवाल्यासाठी ते हक्कसोडपत्र म्हणजे सोनं आहे, कारण सगळ्या बहिणी एका कागदावर सापडतात. भूमी अभिलेख विभागाच्या आपले अभिलेख या साइटवर अकाउंट काढून जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन केलेले बघता येतात, थोडे पैसे भरून. सगळं तिथे नसतं, न मिळालेलं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करून मागायचं. गटवारीत (जमिनीचे तुकडे एकत्र करून गट पाडले तेव्हा) नंबर बदलले आहेत हे विसरू नका, आजचा गट नंबर टाकून 1930 चा कागद शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही, आधी जुना सर्वे नंबर काढा. सातबाऱ्यावर ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे ज्याच्या नावापुढे अ.पा.क. आहे तो त्या वर्षी लहान होता, वयाचा अंदाज इथून लागतो.

जमीन नसेल तर शाळा आणि गाव नमुना 14. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख असते पण ती मास्तरांनी अंदाजे टाकलेली असू शकते, माझ्या घराण्यात 1 जूनला जन्मलेले सात जण आहेत. गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूची गावातली नोंद, आणि त्यात गंमत अशी की बारशाच्या आधीच नोंद झाल्यामुळे बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि पुढे मुलगा किंवा मुलगी एवढंच. मग बापाच्या नावावरून आणि तारखेवरून ताडायचं. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात हीच जुनी रजिस्टरं गावोगाव बाहेर निघाली आणि कितीतरी जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर स्कॅन टाकलेत, तुम्हाला दाखला काढायचा नसला तरी आपल्या तालुक्याचं एकदा चाळून बघा.

अडचण मोडीची, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीची. हे जुने कागद बरेचसे मोडीत आहेत, आणि मोडीत आधी आडवी रेघ मारून मग अक्षरं लटकवतात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व दीर्घ फारसं पाळत नाहीत. पूर्ण शिकायला वेळ लागतो पण आपलं आडनाव, गावाचं नाव आणि तीन शब्द ओळखायला आठवडाभर पुरतो. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, वल्लद म्हणजे तेच, आणि कोम म्हणजे अमक्याची बायको. "काशीबाई कोम रामजी" म्हणजे रामजीची बायको काशीबाई. कागदावर कोम दिसलं की मी थांबतोच, कारण बाईचं नाव लिहिलेला जुना कागद रोज रोज मिळत नाही. बाकी मजकूर मोडी वाचणाऱ्याला पानाच्या हिशोबाने पैसे देऊन लिप्यंतर करून घ्या, पण आधी एकच पान द्या आणि गावाची नावं बरोबर लागतायत का बघा.

सालांचं गणित एकदा पाठ करून टाका. शके असेल तर 78 मिळवा, म्हणजे शके 1843 म्हणजे 1921, फक्त जानेवारी ते फाल्गुन अखेर या तुकड्यात 79. फसली (महसुलाचं जुनं साल) असेल तर 590 मिळवा, मराठवाड्यातल्या निजामाच्या कागदात हे दिसतं आणि ते कागद बहुतेक उर्दूत असतात तेव्हा मोडीवाला नाही चालणार. पेशवाईतला कागद असेल तर सुहूर सन असतो, अरबी शब्दांत लिहिलेला, त्यात 599 मिळवायचे (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 600). "इसन्ने सबैन मया व अलफ" म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे 1172, म्हणजे 1771-72. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी बायकोला उठवून सांगितलं होतं, तिला काही विशेष वाटलं नाही.

इतकं मागे जायचं असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार आहे, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो. घराण्यात इनाम, पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी असलं काही असेल तर 1852 च्या इनाम कमिशनचे (इंग्रजांनी इनामं तपासायला नेमलेलं) कागद विचारा, कारण आमचं इनाम खरंय हे पटवायला लोकांनी तेव्हा वंशावळी लिहून दिल्या होत्या. पण हक्कासाठी दिलेल्या वंशावळीत हक्काला अडचण येईल असा भाऊ कधीकधी गायब असतो, हे लक्षात ठेवून वाचा.

तीर्थक्षेत्रांच्या वह्या, म्हणजे येणाऱ्या यात्रेकरूंची नावं उपाध्यायांनी लिहून ठेवलेल्या, वेगळ्याच. नाशिकला रामकुंडावर तुमचे तीर्थोपाध्याय शोधा, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की नामावळी निघते, आणि त्यात पणजोबांच्या हातची सही बघितली की अंगावर काटा येतो. मूळ गाव म्हणजे आत्ता राहता ते नाही, जुनं. ते माहीत नसेल तर कुळदैवत कुठे आहे बघा, दैवत सत्तर मैलांवर असेल तर घराणं तिकडून हललेलं असायची शक्यता आहे. हरिद्वारच्या आणि इतर तीर्थांच्या अशा वह्यांचे फोटो फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहेत, पण नाव टाइप करून फारसं काही येत नाही, ठिकाण निवडून पान पान उलटावं लागतं. माझं आजोळ सांगलीकडचं, तिकडे हेळवी येतात, बैल घेऊन, काही वर्षांनी एकदा, आणि दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात. आजोबा त्यांना धान्य द्यायचे, मी मोबाईल धरून बसलो.

गोव्याकडचे असाल तर देवस्थानच्या महाजनांची (देवस्थानचे हक्कदार घराण्यांतले सभासद) नोंद आणि कोमुनिदादचे (गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) कागद बघा, पोर्तुगीजमध्ये असतात. आणि मॉरिशसहून कुणी नातेवाईक शोधत आलं (कोकणातून, साताऱ्याकडून मुंबई बंदरातून गेलेल्यांचे वंशज येतात) तर त्यांना आधी मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून पूर्वजाचा इमिग्रंट नंबर, म्हणजे तिथे पोचल्यावर मिळालेला नोंदणी क्रमांक, आणायला सांगा. तिकडे बऱ्याच घरांत पूर्वजाचं पहिलं नाव हेच पुढे आडनाव झालंय, त्यामुळे आपल्याकडे ते आडनाव शोधण्यात काही अर्थ नाही.

आता ऑनलाइन. सुरुवात साध्या गूगल शीटने करा: नाव, बाईचं माहेरचं नाव, बाप, आई, साल, गाव, आणि एक कॉलम "कुठून कळलं". हा शेवटचा कॉलम सोडू नका, सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही की हे आत्याने सांगितलं का फेरफारात होतं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत, त्यामुळे गणेश विष्णू, विष्णू गणेश, परत गणेश विष्णू. मी जेनी या वंशावळीच्या वेबसाइटवर असे दोन गणेश एकच समजून मर्ज केले आणि एका काकूला स्वतःच्या सासऱ्यांची आजी करून ठेवली, ते निस्तरायला रविवार गेला. नावापुढे पिढीचा नंबर टाका. घरच्या कॉम्प्युटरवर ग्रॅम्प्स हे फुकटचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, आणि कुठेही माहिती भरली तरी अधूनमधून गेडकॉम फाइल (बहुतेक वंशावळ सॉफ्टवेअरमध्ये चालणारी) उतरवून ठेवा, म्हणजे साइट बंद पडली किंवा पैसे मागायला लागली तरी आपली मेहनत आपल्याकडे.

जिवंत माणसांची माहिती उघड्यावर टाकू नका. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख या दोन गोष्टींवर अजूनही काही ठिकाणी ओळख पटवतात. गेलेल्यांचं सगळं द्या, जिवंतांचं नुसतं नाव, तेही विचारून. डीएनए टेस्टच्या नादाला मी लागलो नाही, आपल्याकडचे लोक त्यात कमी असल्यामुळे जुळणारे नातेवाईक फार निघत नाहीत, आणि 2023 मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए टेस्टच्या कंपनीकडची लाखो लोकांची माहिती चोरीला गेली ती गेलीच, पासवर्ड बदलता येतो, रक्त कुठलं बदलणार?

आणि फॅमिली ग्रुपवर एकदम पूर्ण झाड टाकायची घाई करू नका. मी टाकलं आणि अर्ध्या तासात एका चुलत्याचा फोन, "काय रे, जमिनीचं काय चाललंय का?" आपल्याकडे वंशावळ हा शब्द तलाठी आणि कोर्टातच जास्त ऐकलेला असतो, त्यामुळे लोक दचकतात. आधी प्रत्येक शाखेला फक्त त्यांची फांदी पाठवा. कुणाचं दुसरं लग्न, कुणी दत्तक, कुणी घर सोडून गेलेलं, हे त्या शाखेतल्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय लिहू नका, पण खोटंही लिहू नका, जागा रिकामी ठेवा. मग सगळं एका मोठ्या फ्लेक्सवर नाही तर साध्या कागदावर प्रिंट करा, मुली आणि सुना त्याच अक्षरात छापा ज्यात मुलगे आहेत, आणि गणपतीला नाहीतर जत्रेला सगळे गावी जमतात तेव्हा ओटीवर भिंतीला लावा. खाली दोरीने पेन्सिल बांधा. पेन नको, कारण पहिल्या दिवशी दोन काका एकमेकांचं खोडतात आणि तिसऱ्या दिवशी आत्या येऊन दोघांचं.